आणि तिला काहीच जाणवलं नाही!

केदारनाथला जाऊन आलेला एक तरी दोस्त तुमच्या ग्रुपमध्ये असणारच. गौरीकुंडापासूनची ती दमछाक करणारी चढण, भिजलेला रेनकोट, वाटेतली मॅगी आणि शेवटी मंदिरासमोरचा तो फोटो. मागे बर्फाचा डोंगर, पुढे हात जोडलेला आपला दोस्त. खाली कॅप्शनही ठरलेली. अंगावर काटा आला, डोळे भरून आले वगैरे.

आता त्याला जरा एकटं गाठा आणि विचारा, खरंच आले का रे डोळे भरून? हसून टाळेल कदाचित. पण जवळचा असेल तर खरं सांगेल. रांगेत चार तास उभा होतो, पाय बोलत होते, पोटात कावळे ओरडत होते. आत गेलो, मागून कोणीतरी ढकललं, बाहेर आलो. झालं! आणि एवढं सांगून तो थोडा ओशाळेल. सगळ्यांना काहीतरी होतं, मग मलाच का नाही? माझंच काही चुकलं का?

तुमचंही असं कधी झालं असेल तर आजची ही गोष्ट तुमच्यासाठी आहे. सव्वाशे वर्षांपूर्वी एक तीस वर्षांची बाई अमरनाथच्या गुहेपर्यंत चालत गेली होती. सोबत कोण होतं माहितीये? साक्षात स्वामी विवेकानंद. गुहेत त्यांना आयुष्यातला फार मोठा अनुभव आला आणि तिला काहीच आलं नाही. तिला इतकं वाईट वाटलं की तिने ते पत्रात लिहून ठेवलं. पुढे जग तिला भगिनी निवेदिता म्हणून ओळखू लागलं.

वाद घालणारी मास्तरीण

तिचं मूळ नाव मार्गारेट एलिझाबेथ नोबल. २८ ऑक्टोबर १८६७ रोजी आयर्लंडमधल्या डनगॅनन गावी तिचा जन्म झाला. वडील ख्रिस्ती धर्मोपदेशक. मार्गारेट दहा वर्षांची असताना ते गेले. घरची परिस्थिती बेताची, त्यामुळे शिक्षण संपवून सतराव्या वर्षीच ती शिक्षिका म्हणून कामाला लागली. लग्न ठरलं होतं, पण होणारा नवरा आजारी पडला आणि लग्नाआधीच वारला.

तिने सगळा जीव शाळेत ओतला. मुलांना घोकंपट्टी न करायला लावता खेळातून, हाताने करून शिकवायचं, हे त्या काळातलं नवं शास्त्र होतं. पेस्टालॉझी आणि फ्रोबेल हे तिचे गुरू. लंडनजवळ विम्बल्डनला तिने स्वतःची शाळा काढली. लेख लिहायची, चर्चेत भाग घ्यायची. थोडक्यात काय, तर स्वतःच्या पायावर उभी असलेली, हुशार आणि भरपूर प्रश्न विचारणारी मुलगी. चर्चमध्ये जायची, पण तिथे मन रमत नव्हतं.

नोव्हेंबर १८९५ मध्ये लंडनच्या एका घरगुती बैठकीत तिने विवेकानंदांना पहिल्यांदा ऐकलं. भारावून गेली असेल, असं वाटतं ना? तसं काही झालं नाही. यात नवीन काय सांगितलं, असाच त्या दिवशी तिथल्या मंडळींचा सूर होता आणि तीही त्यातलीच. पण घरी गेल्यावर डोक्यातून विषय जाईना. मग ती पुन्हा ऐकायला गेली, वाद घातला, शंका काढल्या. हे दीड-दोन वर्षं चाललं. पटल्याशिवाय मान डोलवायची नाही, हा तिचा स्वभाव शेवटपर्यंत तसाच राहिला.

भारतात येऊन मुलींसाठी काम करायचं तिने ठरवलं, तेव्हा स्वामीजींनी तिला गुलाबी चित्र दाखवलं नाही. उलट आधी पत्रातून बजावलं. इथे भयंकर उकाडा आहे, दारिद्र्य आहे, अंधश्रद्धा आहे. गोरे लोक तुला वेड्यात काढतील, इथले लोक तुझ्याकडे संशयाने बघतील. सगळा विचार कर आणि मगच ये. ती आली. २८ जानेवारी १८९८ रोजी तिची बोट कोलकात्याच्या धक्क्याला लागली. दोन महिन्यांत, २५ मार्चला, तिला ब्रह्मचर्यदीक्षा मिळाली आणि नवं नाव मिळालं. निवेदिता, म्हणजे अर्पण केलेली.

अलमोड्याची भांडणं

नाव बदललं म्हणून माणूस लगेच बदलतो का? निवेदिता आतून अजून पक्की इंग्रजांच्या राज्याची प्रजा होती. तू आता कुठल्या देशाची, असं स्वामीजींनी एकदा विचारलं, तर तिने इंग्लंडच्या झेंड्यावरची आपली निष्ठा बोलून दाखवली. ते चकित झाले. हे रोप मुळापासून उपटून दुसऱ्या मातीत लावावं लागणार, हे त्यांना कळलं असावं.

त्या मे महिन्यात स्वामीजी, काही संन्यासी आणि निवेदितेसह काही पाश्चात्त्य शिष्या नैनितालमार्गे अलमोड्याला गेल्या. कुमाऊँच्या डोंगरातलं हे गाव. रोज सकाळी गप्पांची बैठक बसायची. या बैठकीत निवेदितेची रोज हजेरी घेतली जायची म्हणा ना! इंग्लंडबद्दल, युरोपबद्दल, चांगलं-वाईट कशाला म्हणायचं याबद्दल तिच्या ज्या ठाम समजुती होत्या, त्यांच्यावर स्वामीजी घाव घालत राहिले. ती उलट उत्तर द्यायची. ते आणखी कठोर व्हायचे. प्रेमळ गुरू भेटेल म्हणून घरदार सोडून आलेल्या मुलीला हे फार जड गेलं. ती रडकुंडीला आली.

शेवटी बरोबरच्या एका ज्येष्ठ बाईंना राहवलं नाही. त्यांनी स्वामीजींकडे शब्द टाकला. स्वामीजींनी ऐकून घेतलं आणि निघून गेले. संध्याकाळी परत आले तेव्हा आकाशात चंद्राची नवी कोर दिसत होती. मुसलमान लोक या कोरीला फार मानतात, आपणही हिच्याबरोबर नवी सुरुवात करू, अशा अर्थाचं ते बोलले आणि समोर गुडघे टेकून बसलेल्या निवेदितेच्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी आशीर्वाद दिला. भांडण तिथे मिटलं. पण डोंगरात आपल्याला गोंजारलं जाणार नाही, हे तिला कळून चुकलं होतं.

चालणारं गाव

अलमोड्याहून मंडळी काश्मीरला गेली. झेलम नदीवर होड्यांमध्ये मुक्काम. जुलैच्या शेवटी स्वामीजींनी अचानक जाहीर केलं की ते अमरनाथच्या यात्रेला निघणार आणि सोबत फक्त निवेदिता येणार. बाकीच्यांनी पहलगामला थांबायचं. तिथे तिला शिवाला अर्पण करायचं त्यांच्या मनात होतं.

आज अमरनाथला जायचं तर नोंदणी, मेडिकल सर्टिफिकेट, जागोजागी लंगर अशी सगळी यंत्रणा आहे. त्या वेळी काय होतं? दोन-तीन हजार यात्रेकरू आणि त्यांचे तंबू. पण निवेदितेला त्यातलीच एक गोष्ट फार आवडली. संध्याकाळी एखाद्या मोकळ्या माळावर बघता बघता तंबूंचं गाव उभं राहायचं. रस्ते आखलेले, बाजार मांडलेला, धुन्या पेटलेल्या. आणि सकाळी उठावं तर सगळं गायब! राखेचे ढीग तेवढे मागे. तुम्ही वारीत पालखीचा मुक्काम बघितला असेल, तर तिला काय वाटलं असेल ते सांगायला नको.

वाटेत एक प्रसंग झाला. विदेशी लोकांचा तंबू आमच्या तंबूंजवळ नको, अशी तक्रार काही साधूंनी केली. स्वामीजी चिडले आणि तंबू हलवणार नाही म्हणून अडून बसले. तेव्हा एक नागा साधू शांतपणे जवळ आला. तुमच्याकडे ताकद आहे हे खरं, पण ती अशी दाखवू नये, असं त्याने समजावलं. स्वामीजींनी क्षणात ऐकलं आणि तंबू हलवला. मग त्याच दिवशी ते निवेदितेला घेऊन साधूंच्या तंबूंमधून फिरले. तिने दानधर्म करावा आणि साधूंनी तिला आशीर्वाद द्यावा, म्हणून. दुसऱ्या दिवशी काय झालं असेल? तिचा तंबू छावणीच्या पुढच्या बाजूला, एका छानशा टेकाडावर लागला.

आणखी एक बाब लक्षात ठेवण्यासारखी. यात्रेची सरकारी व्यवस्था बघणारा तहसीलदार मुसलमान होता. तो आणि त्याचे कर्मचारी स्वामीजींच्या गप्पा ऐकायला येऊन बसायचे. ही गुहा मेंढपाळांना सापडली, अशी आठवण तिथे आजही सांगतात. ते मेंढपाळही मुसलमानच होते.

पहलगामला एकादशीचा मुक्काम झाला. पुढे चंदनवाडी. तिथे वाटेत बर्फ लागला. आयुष्यातली पहिली हिमनदी तू स्वतःच्या पायांनीच ओलांडायची, असा स्वामीजींचा आग्रह. त्यानंतर काही हजार फुटांची उभी चढण. वर पोचल्यावर एडलवाइसच्या पांढऱ्या फुलांचा गालिचा. खाली शेषनागचं पाणी. त्या रात्रीचा मुक्काम इतक्या उंचावर होता की झाडं खालीच राहिली होती. जळणासाठी हमाल अंधारात चहूकडे जुनिपरची झुडपं शोधत फिरत होते. शेकोटी पेटली, पण धड जळेना.

मग आली पंचतरणी. इथे पाच प्रवाह आहेत. यात्रेकरूने पाचही प्रवाहांत स्नान करायचं आणि एकातून दुसऱ्याकडे ओल्या कपड्यांनीच जायचं, असा नियम. हाडं गोठवणारी थंडी. स्वामीजींची तब्येत आधीच ठीक नव्हती. कोणी बघितलं तर अडवतील, म्हणून सगळ्यांची नजर चुकवून त्यांनी पाचही स्नानं उरकली.

गुहा

२ ऑगस्ट १८९८, श्रावणी पौर्णिमा. आपल्याकडे नारळी पौर्णिमा असते तो दिवस. रात्री दोन वाजता चांदण्यात सगळे निघाले. चढ, मग उतार, मग बर्फावरची लांबलचक चाल. स्वामीजी मागे पडले होते. ती वाट बघत थांबली. ते आले, पण मला स्नान करायचंय, तू पुढे हो, म्हणाले. ती पुढे गेली.

जवळजवळ पावणेतेरा हजार फुटांवरची ती गुहा तिने पाहिली. तिच्या मनात आलं, इथे एक अख्खं कॅथेड्रल मावेल. आत गर्द सावलीत बर्फाचं शिवलिंग. अर्ध्या तासाने स्वामीजी आले. अंगाला भस्म, कमरेला फक्त कौपीन. गुडघे टेकून त्यांनी नमस्कार केला. आपण बेशुद्ध पडू की काय, अशी त्यांना भीती वाटत होती. शिवाने दर्शन दिलं, इच्छामरणाचं वरदान दिलं, असं ते नंतर सांगत. त्या दिवशी त्यांच्या हृदयावर आलेला ताण इतका होता की पुढे डॉक्टरांनीही त्याबद्दल काळजी व्यक्त केली. बाहेर ओढ्याकाठी एका खडकावर बसून स्वामीजी, तो भला नागा साधू आणि निवेदिता यांनी जेवण केलं. स्वामीजी आनंदाने न्हाऊन निघाले होते.

आणि निवेदिता?

ती कोरडी होती. जे त्यांना मिळालं त्यातला कणही तिच्या वाट्याला आला नव्हता. हाताच्या अंतरावर बसलेल्या माणसाला अख्खं आकाश मिळावं आणि आपल्याला फक्त दमलेले पाय, हे तिला सहन झालं नाही. शिवाय ज्याच्या भरवशावर आपण आलो, तो आपला अनुभव आपल्याला वाटून देऊ शकत नाही, हे दुसरं दुःख. लंडनच्या मैत्रिणीला लिहिलेल्या पत्रात तिने हे सगळं मोकळेपणाने लिहिलं. अनुभव आल्याचं नाटक केलं नाही. तिने काहीही सांगितलं असतं तरी तेव्हा कोण तपासायला येणार होतं? पण तिने खरं ते लिहिलं.

तिने ही खंत स्वामीजींनाही बोलून दाखवली. त्यांनी तिची समजूत घातली नाही की ओरडलेही नाहीत. त्यांच्या बोलण्याचा अर्थ साधारण असा होता: आज तुला कळणार नाही, पण तू यात्रा केली आहेस आणि ती तुझ्या आत काम करत राहील. कारण घडलंय, तर परिणाम येईलच. नंतर कळेल.

एखाद्याला वाटेल, ही तर नुसती बोळवण झाली. तिलाही कदाचित तसंच वाटलं असेल. मग पुढच्या तेरा वर्षांत काय झालं, ते बघू या.

बागबाजारची बोळ

काश्मीरहून परत आल्यावर दोन आठवड्यांच्या आत, १३ नोव्हेंबर १८९८ रोजी, कालीपूजेच्या दिवशी निवेदितेने कोलकात्याच्या बागबाजारमध्ये मुलींची शाळा सुरू केली. उद्घाटनाला श्रीरामकृष्णांच्या पत्नी शारदादेवी आल्या. शाळा म्हणजे काय, तर बोसपाडा लेनमधलं एक जुनं घर आणि मूठभर मुली. सनातनी वस्ती. मेमसाहेबाच्या घरी मुली कोण पाठवणार? ती दारोदार फिरली. मातीकाम, शिवणकाम, चित्रकला यांतून शिकवायला लागली. विम्बल्डनला जे केलं तेच, पण आता विटी-दांडू माहीत असलेल्या गल्लीत. पैशांची कायम ओढाताण.

चार महिन्यांत, मार्च १८९९ मध्ये, कोलकात्यात प्लेग आला. दोन वर्षांपूर्वी पुण्यात प्लेगने काय हाहाकार माजवला होता, हे तुम्ही इतिहासात वाचलंच आहे. रामकृष्ण मिशनच्या मदतकार्याची धुरा निवेदितेने उचलली. एका गल्लीत झाडायला कोणी मिळेना, तर हिने स्वतः झाडू हातात घेतला. ते बघून तिथली पोरं ओशाळली आणि पुढे आली. डॉ. राधागोविंद कर यांनी एक आठवण नोंदवून ठेवली आहे. एका वस्तीतल्या दमट खोपटात प्लेग झालेल्या लहान मुलाला मांडीवर घेऊन ती बसून होती. धोका किती आहे, हे तिला सांगून झालं होतं. तरी ती उठली नाही. मूल तिच्याजवळच गेलं.

आता जरा थांबा आणि विचार करा. काहीच महिन्यांपूर्वी हीच बाई गुहेबाहेर बसून, आपल्याला काहीच मिळालं नाही म्हणून खंतावली होती.

२ जुलै १९०२ रोजी ती बेलूर मठात स्वामीजींना भेटली. त्यांनी तिला आग्रहाने जेवू घातलं आणि जेवणानंतर तिच्या हातांवर स्वतः पाणी घातलं, हात पुसून दिले. हे मी तुमच्यासाठी करायला हवं, असं ती म्हणाली, तेव्हा त्यांनी येशूने शिष्यांचे पाय धुतले होते याची आठवण दिली. ते तर शेवटच्या वेळी, हे शब्द तिच्या ओठांवर आले होते. ती बोलली नाही. दोन दिवसांनी, ४ जुलैला, स्वामीजी गेले. वय अवघं एकोणचाळीस.

गुरू गेला, पण ती परत गेली नाही. एके काळी इंग्लंडच्या झेंड्याची शपथ घेणारी ही बाई आता उघडपणे स्वातंत्र्याच्या बाजूने बोलू लागली. मठाला राजकारणाची झळ बसू नये म्हणून तिने संघाशी असलेलं औपचारिक नातं सोडलं. त्याच वर्षी व्याख्यानांसाठी ती मुंबई, नागपूरकडे येऊन गेली. पुढे तिने भारतासाठी एक झेंडा तयार केला, त्यावर वज्र होतं. १९०६ मध्ये पूर्व बंगालमध्ये पूर आणि दुष्काळ आला, तेव्हा होडीतून गावोगाव फिरली आणि मलेरिया घेऊन परतली. शास्त्रज्ञ जगदीशचंद्र बोस यांचे ग्रंथ इंग्रजीत नीट बसवायला तिने मदत केली. आणि एक गोष्ट खास आपल्या घरची. नंदलाल बोस आणि त्यांच्यासारख्या तरुण बंगाली चित्रकारांनी अजिंठ्याला जाऊन तिथल्या भित्तिचित्रांच्या नकला कराव्यात, म्हणून तिनेच त्यांना पाठपुरावा करून धाडलं. आपल्या संभाजीनगर जिल्ह्यातल्या लेण्यांनी भारतातली आधुनिक चित्रकला घडवली, त्यात या आयरिश बाईचा हात आहे.

पुन्हा डोंगर

१९१० च्या उन्हाळ्यात निवेदिता पुन्हा यात्रेला निघाली. या वेळी केदारनाथ आणि बद्रीनाथ. सोबत कोण? जगदीशचंद्र बोस, त्यांच्या पत्नी अबला बोस आणि बोसांचा भाचा. गंमत बघा. बोस पती-पत्नी ब्राह्मो समाजाचे, म्हणजे मूर्तिपूजा न मानणारे. त्यात एक जगप्रसिद्ध शास्त्रज्ञ. आणि चौथी आयरिश धर्मोपदेशकाची मुलगी, अंगात पांढरा झगा, गळ्यात रुद्राक्षाची माळ. पंड्याला या मंडळींचं गोत्र विचारताना घाम फुटला असता.

हरिद्वारपर्यंत रेल्वे होती. पुढे डोंगरवाट. आज गाडी गौरीकुंडाजवळ सोडते. तेव्हा हरिद्वारहून केदारपर्यंतचे दोनशे किलोमीटरहून जास्त अंतर डोंगरातूनच कापायचं आणि मग तिथून बद्रीनाथकडे वळायचं. ऋषिकेश, देवप्रयाग, श्रीनगर, रुद्रप्रयाग, गुप्तकाशी. हे श्रीनगर काश्मीरचं नव्हे, गढवालचं. १८९४ मध्ये वरच्या बाजूला गोहना इथे दरड कोसळून तयार झालेलं तळं फुटलं आणि या श्रीनगरचं जुनं गाव वाहून गेलं. डोंगर देतो तसा घेतोही, हे २०१३ च्या केदारनाथच्या महापुरानंतर आपल्याला कोणी नव्याने सांगायला नको.

रात्रीचा मुक्काम चट्ट्यांवर. चट्टी म्हणजे वाटेवरचं साधं छप्पर, जिथे दुकानदाराकडून शिधा घ्यायचा, चूल पेटवायची आणि तिथेच आडवं व्हायचं. शिवाय काली कमलीवाले बाबांच्या परंपरेने चालवलेल्या धर्मशाळा आणि सदावर्तं होती. त्याच्याही आधी आपल्या अहिल्याबाई होळकरांनी या भागात यात्रेकरूंची सोय करून ठेवली होती. म्हातारी माणसं, विधवा बायका, पाठीवर बोचकं बांधलेले शेतकरी, सगळे एकाच वाटेवर. घरात ज्या बाईला उंबरा ओलांडायची मुभा नव्हती, ती इथे शेकडो मैल चालत होती.

निवेदितेने या प्रवासाची डायरी लिहिली. ती वाचताना एक गोष्ट लगेच जाणवते. अमरनाथला तिचं लक्ष स्वतःकडे होतं. मला काय मिळेल, मला काय दिसेल. इथे ती सगळीकडे बघते. रस्त्याकडेची इवलीशी देवळं, भंगलेल्या मूर्ती, कोनाड्यातला गणपती, हे सगळं ती इतिहासाच्या पुस्तकासारखं वाचते. इथे आधी कोणाची पूजा होती, मग कोणाची आली, बुद्धाची खूण कुठे राहिली, शिव आणि विष्णू शेजारी शेजारी कसे नांदू लागले, याची टिपणं काढते. केदारनाथचे रावळ कर्नाटकातल्या वीरशैव परंपरेचे आणि बद्रीनाथचे रावळ केरळचे नंबूद्री. उत्तर टोकाच्या बर्फात दक्षिणेचे पुजारी! नकाशावर भारत एक दिसायच्या कितीतरी आधी माणसांनी तो पायांनी जोडला होता, हे तिला या वाटेवर पटत गेलं.

केदारनाथ पावणेबारा हजार फुटांवर. तिथे तिला शिव दिसला का? या प्रश्नाची ओढ आता तिच्या लिहिण्यात राहिलेली नाही. बारा वर्षांत जो प्रश्न तिला पोखरत होता, तो कधीतरी वाटेतच गळून पडला असावा. प्लेगच्या खोपटात, शाळेच्या ओसरीवर, पुराच्या पाण्यातल्या होडीत, कुठे ते कोण सांगणार? एवढं मात्र खरं की तिच्या शेजारून चालणारी माणसं आता तिला नीट दिसत होती.

शेवटचा डोंगर

पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १९११ मध्ये, बोस दांपत्याबरोबर ती दार्जिलिंगला गेली. तिथून संदकफूला जायचा बेत होता. सगळी तयारी झाली होती आणि तिला आमांशाने गाठलं. ती अंथरुणातून उठलीच नाही. दुखण्यातच तिने मृत्युपत्र केलं. जे काही पैसे होते, पुस्तकांतून जे येणार होतं, ते सगळं भारतातल्या मुलींच्या शिक्षणासाठी बेलूर मठाच्या विश्वस्तांकडे सोपवलं. १३ ऑक्टोबर १९११ च्या सकाळी ती गेली. चव्वेचाळीसावा वाढदिवस पंधरा दिवसांवर होता. हिमालयाच्या कुशीतच तिच्यावर हिंदू पद्धतीने अंत्यसंस्कार झाले. रवींद्रनाथ टागोरांनी तिला लोकमाता म्हटलं. बागबाजारची ती शाळा आजही चालू आहे, तिच्याच नावाने.

तर दोस्तांनो, पुढच्या मे महिन्यात तुमचा केदारचा प्लॅन असेल, तर जरूर जा. वाट अवघड आहे, हवामान लहरी आहे, तयारी करून जा. प्लास्टिक परत घेऊन या. ज्या खेचरावर बसाल त्याची पाठ सोलली आहे का, ते आधी बघा. पुढे दमलेली आजी दिसली तर तिची पिशवी थोडा वेळ उचला.

आणि गाभाऱ्यासमोर उभं राहून काहीच वाटलं नाही, तर घाबरू नका. खोटी कॅप्शनही टाकू नका. घरी परत या, तुमच्या कामाला लागा. वर्षा-दोन वर्षांनी स्वतःलाच एकदा विचारा की तेव्हापासून आपण कोणासाठी काय केलं. निवेदितेला उत्तर मिळायला बारा वर्षं लागली होती. तुमच्याकडेही वेळ आहे.